डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट: नीट कशी करावी, कुठे चुकते आणि कशी वाचावी

आठवड्याभरात हिमोग्लोबिन ११ वरून ६ वर आलेलं, डोळे पिवळे, रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) वाढलेले, स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) मधला फिकटपणा हरवलेल्या गोल टपोऱ्या पेशी, म्हणजे स्फेरोसाइट. लाल पेशी फुटताहेत हे एवढ्यावरून कळतं. त्या शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा फोडतेय की जन्मजात दोष, औषध, संसर्ग असं दुसरं काही कारण आहे, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट देते. थोडं रक्त, सलाईन, एका बाटलीतलं सिरम आणि सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवणारं यंत्र) एवढ्यावर ती अर्ध्या तासात होते. इतकी सोपी असल्यामुळेच ती घाईत उरकली जाते, आणि तिच्या बहुतेक चुका त्या घाईच्या असतात.

ही चाचणी १९४५ साली रॉबिन कूम्ब्स, आर्थर मूरंट आणि रॉब रेस यांनी मांडली. कूम्ब्स शिक्षणाने पशुवैद्य होते. यामागचं तत्त्व इटलीच्या कार्लो मोरेस्की यांनी १९०८ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९४६ मध्ये बुरमन, डॉड आणि लाउटिट यांनी ती हिमोलिसिसच्या, म्हणजे लाल पेशी फुटण्याच्या, रुग्णांवर वापरली आणि जन्मजात स्फेरोसाइटोसिस व नंतर उद्भवलेला हिमोलिटिक ॲनिमिया हे दोन आजार टेबलावरच वेगळे करता येऊ लागले. स्मिअरमध्ये दोन्ही सारखे दिसतात. कूम्ब्स सहसा दुसऱ्यातच पॉझिटिव्ह येते.

आत काय घडतं

लाल पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून त्या एकमेकींपासून अंतर राखून असतात. आयजीएम अँटिबॉडी मोठी, पाच जोड्यांची. ती हे अंतर ओलांडून दोन पेशी थेट बांधू शकते. आयजीजी आखूड. ती पेशीवर चिकटून बसते, पण सलाईनमध्ये शेजारच्या पेशीपर्यंत तिचा हात सहसा पोचत नाही. त्यामुळे अँटिबॉडी चिकटलेली असूनही नळीत पुंजके दिसत नाहीत. कूम्ब्स सिरममध्ये मानवी आयजीजीविरुद्धची आणि कॉम्प्लिमेंटच्या (अँटिबॉडीमागोमाग पेशीवर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या) सी३डी या तुकड्याविरुद्धची अँटिबॉडी असते. ती दोन पेशींवरच्या आयजीजींना जोडते आणि पुंजके दिसू लागतात.

निरोगी माणसाच्या लाल पेशीवरही थोडी आयजीजी असतेच. नळीतली चाचणी साधारण १०० ते ५०० आयजीजी रेणू प्रति पेशी, किंवा ४०० ते ११०० सी३डी रेणू प्रति पेशी, एवढं असलं की पॉझिटिव्ह दिसते. त्याखाली ती आंधळी आहे. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

नमुना

ईडीटीएच्या नळीतच घ्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे रक्त बाहेर काढल्यानंतर नळीत नव्याने कॉम्प्लिमेंट चिकटण्याची क्रिया थांबते. साध्या नळीत गोठलेलं रक्त फ्रिजमध्ये ठेवलं, तर बहुतेक सगळ्यांमध्ये असणारी निरुपद्रवी थंड अँटिबॉडी (थंडीतच काम करणारी) तिथेच पेशींवर बसते, सोबत सी३ ओढून आणते, आणि रुग्णाच्या शरीरात कधीच न घडलेली गोष्ट रिपोर्टमध्ये उतरते. गोठलेल्या नमुन्यावरची निव्वळ कॉम्प्लिमेंटची पॉझिटिव्ह म्हणून ग्राह्य धरू नये. ईडीटीएवर पुन्हा करावी.

नमुना २४ तासांच्या आत तपासावा. जितका जुना, तितकी चिकटलेली अँटिबॉडी सुटण्याची आणि पेशी आपोआप फुटण्याची शक्यता जास्त. सलाईनच्या नळीतून किंवा चालू आयव्हीच्या वरच्या बाजूने काढलेलं रक्त नको. फॉर्मवर तीन गोष्टी लिहून आल्याच पाहिजेत: गेल्या तीन महिन्यांत रुग्णाला रक्त चढवलंय का, कोणती औषधं चालू आहेत, आणि आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटिबॉडी), अँटी-डी (आरएच-डीविरुद्धच्या अँटिबॉडीचं इंजेक्शन) किंवा प्रत्यारोपण झालंय का. त्या लिहिलेल्या नसतील तर फोन करून विचारा. रिपोर्टचा अर्थ या तीन उत्तरांवर बदलतो.

कृती

सामान: १० × ७५ किंवा १२ × ७५ मिलिमीटरच्या काचेच्या स्वच्छ नळ्या, पीएच ७.० ते ७.४ चं बफर केलेलं सलाईन, पॉलिस्पेसिफिक (आयजीजी आणि सी३डी दोन्ही पकडणारं) कूम्ब्स सिरम, वेगवेगळी अँटी-आयजीजी आणि अँटी-सी३डी, आयजीजीने माखलेल्या कंट्रोल सेल्स, शक्य असल्यास सी३ने माखलेल्याही, आणि ६ टक्के अल्ब्युमिन किंवा उत्पादकाने दिलेला निष्क्रिय कंट्रोल.

सलाईनचा पीएच क्षुल्लक वाटतो, तसा तो नाही. उघड्या डब्यात दिवसेंदिवस राहिलेलं सलाईन आम्लधर्मी होत जातं आणि आम्लात आयजीजी पेशीवरून सुटते. डब्यावर उघडल्याची तारीख टाका.

१. रुग्णाच्या पेशींचं २ ते ५ टक्क्यांचं सस्पेन्शन बनवा. तळाशी बसलेल्या पेशी ०.१ मिली आणि सलाईन ३.२ मिली घेतल्यास साधारण ३ टक्के होतं. खूप दाट झालं तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला कूम्ब्स सिरम कमी येतं आणि प्रतिक्रिया फिकट दिसते. खूप पातळ झालं तर पुंजके पाहायला पेशीच पुरत नाहीत.

२. नळ्यांवर रुग्णाचा क्रमांक आणि "पॉली", "कंट्रोल" असं लिहा. प्रत्येकीत सस्पेन्शनचा एक थेंब.

३. नळी सलाईनने जवळजवळ काठोकाठ भरा. सलाईनची धार जोरात सोडा, म्हणजे पेशी तळापासून उसळून पूर्ण मिसळतात. फिरवा, ओता. असं तीन ते चार वेळा.

४. शेवटच्या खेपेला नळी एका झटक्यात उलटी करा आणि काठाशी राहिलेला थेंब टिपकागदावर टिपून घ्या. तळाशी जवळजवळ कोरड्या पेशी राहिल्या पाहिजेत.

५. लगेच कूम्ब्स सिरम घाला, उत्पादकाच्या पत्रकाप्रमाणे एक किंवा दोन थेंब. कंट्रोलच्या नळीत तितकंच अल्ब्युमिन. हलवून मिसळा.

६. गुरुत्वाच्या सुमारे ९०० ते १००० पटीवर १५ ते २० सेकंद फिरवा.

७. नळी तिरकी करून हळूच हलवत पेशी सोडवा. प्रकाशाच्या पुढ्यात धरून वाचा, दर्जा लिहा.

८. निगेटिव्ह दिसलं तर कंट्रोल सेल्सचा एक थेंब घालून पुन्हा फिरवा. आता पुंजके दिसलेच पाहिजेत.

तिसऱ्या ते सातव्या पायरीपर्यंत मध्ये थांबा घेऊ नका. धुतलेल्या पेशी सलाईनमध्ये पडून राहिल्या की चिकटलेली आयजीजी थोडी थोडी सुटत राहते. फोन घ्यायचा असेल तर धुणं सुरू करण्याआधी घ्या. आयजीजीची प्रतिक्रिया सिरम घातल्याबरोबर वाचायची असते, उशीर झाला की ती फिकी पडते. अँटी-सी३डीचं नेमकं उलटं आहे: बऱ्याच उत्पादकांच्या पत्रकात खोलीच्या तापमानाला ५ मिनिटं ठेवून पुन्हा फिरवून वाचायला सांगितलेलं असतं आणि अनेक कमजोर कॉम्प्लिमेंट पॉझिटिव्ह त्या दुसऱ्या वाचनातच पकडीत येतात. एका पत्रकाची वेळ दुसऱ्या कंपनीच्या सिरमला लावू नका.

धुण्याचं गणित

खोट्या निगेटिव्हचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे अर्धवट धुणं. रुग्णाच्या प्लाझ्मात सुटी आयजीजी प्रति मिली साधारण १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम असते. कूम्ब्स सिरमला पेशीवरची आयजीजी आणि द्रवात तरंगणारी आयजीजी यांतला फरक कळत नाही. तरंगणारी आधी भेटली की ते तिथेच खर्ची पडतं. प्रति मिली काही मायक्रोग्रॅम एवढी सुटी आयजीजी उरली तरी सिरम निकामी व्हायला ती पुरते.

आता हिशेब करा. नळीत एका वेळी ४ मिली सलाईन मावतं आणि ओतल्यावर ०.१ मिली मागे राहतं, तर प्रत्येक धुण्यात ४० पट पातळ होतं. तीन धुण्यांत ६४,००० पट. अगदी निव्वळ प्लाझ्मापासून सुरुवात केली असं धरलं, तरी उरते ०.१६ मायक्रोग्रॅम. चिंता नाही. पण ओतताना हात आखडला आणि प्रत्येक वेळी ०.४ मिली मागे राहिलं, तर पातळ होणं १० पटच. तीन धुण्यांत १,००० पट आणि उरतात १० मायक्रोग्रॅम. दोन्ही ठिकाणी नोंदवहीत "तीन वेळा धुतलं" असंच लिहिलं जाईल.

नळी अर्धीच भरणं, पेशी नीट न उसळवता वरून सलाईन सोडणं, नळीच्या तोंडावर बोट ठेवून हलवणं या सवयी सगळं बिघडवतात. बोटावरच्या प्रथिनांनीही सिरम खर्ची पडतं. आपोआप धुणारं यंत्र असलं तर त्याच्या प्रत्येक नळीत सलाईन सारखं भरतंय का आणि शेवटी किती उरतंय, हे ठराविक दिवसांनी डोळ्यांनी पाहावं. एक तोंड चोंदलं की त्या एकाच जागेची नळी महिनोन्महिने खोटं बोलत राहते, आणि बाकीच्या नळ्या बरोबर असल्यामुळे कोणाला शंका येत नाही.

सेंट्रिफ्यूज आणि हात

जास्त फिरवलं तर पेशींची घट्ट वडी बसते. ती सोडवायला नळी जोरात झटकावी लागते आणि त्या झटक्यात कमजोर पुंजके फुटतात, किंवा वडीचे तुकडेच पुंजके समजले जातात. कमी फिरवलं तर पेशी एकमेकींजवळ येतच नाहीत. म्हणून यंत्राची वेळ ठरवून घ्यावी: एक ठळक पॉझिटिव्ह, एक कमजोर पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह असे नमुने १०, १५, २० आणि ३० सेकंद फिरवून पाहा. ज्या सर्वांत कमी वेळेत वरचं द्रव स्वच्छ, वडीची कड रेखीव, निगेटिव्ह सहज सुटणारा आणि कमजोर पॉझिटिव्ह स्पष्ट दिसतो, ती वेळ यंत्रावर चिकटवून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा ठरवा.

दर्जाची भाषा सगळ्यांची सारखी असावी. ४+ म्हणजे एकच घट्ट गोळा, द्रव स्वच्छ. ३+ म्हणजे दोन-चार मोठे तुकडे. २+ म्हणजे मध्यम पुंजके, मागे स्वच्छ द्रव. १+ म्हणजे बारीक पुंजके आणि गढूळ लाल द्रव. त्याखाली फक्त भिंगातून किंवा कशीबशी दिसणारी प्रतिक्रिया. सूक्ष्मदर्शकाखाली नाण्यांच्या चळतीसारखे दिसणारे थर म्हणजे रूलो, ते अँटिबॉडीचे पुंजके नव्हेत. मायलोमासारख्या आजारात प्रथिनं वाढली की ते दिसतात. नीट धुतलेल्या पेशींत ते नसतात, म्हणजे रूलो दिसले तर धुणंही तपासा.

दोन कंट्रोल आणि त्यांची हद्द

अल्ब्युमिनची नळी पॉझिटिव्ह आली तर संपूर्ण चाचणी रद्द. कूम्ब्स सिरम न घालताच पेशी पुंजके धरताहेत, म्हणजे सिरमच्या नळीतल्या पुंजक्यांना अर्थ उरत नाही. बहुतेकदा हे थंड अँटिबॉडीचं काम असतं.

निगेटिव्ह नळीत कंट्रोल सेल्स घातल्यावर किमान २+ दिसलंच पाहिजे, नाहीतर रिपोर्ट देऊ नये, पुन्हा धुवून करावी. मात्र कंट्रोल सेल्सवर फार विसंबू नका. सिरम घातलं होतं आणि ते पूर्ण निकामी झालेलं नव्हतं, एवढंच त्या सांगतात. अर्धं निकामी झालेलं सिरम ठळक कंट्रोल सेल्सशी २+ दाखवेल आणि रुग्णाच्या कमजोर पेशी मात्र चुकवेल. रुग्णाचा थेंब नळीत घातलाच नसेल तरी कंट्रोल सेल्स छान पॉझिटिव्ह येतील. आणि आयजीजीने माखलेल्या सेल्स अँटी-सी३डीच्या नळीत काहीच सिद्ध करत नाहीत. तिथे सी३ने माखलेल्याच हव्यात.

जेल कार्ड वापरत असाल तर धुण्याची भानगड नाही: ०.८ ते १ टक्का सस्पेन्शनचे ५० मायक्रोलिटर, १० मिनिटं फिरवणं, झालं. पुंजके जेलच्या वर अडकतात, सुट्या पेशी तळाला जातात. पद्धत संवेदनशील आहे, सगळ्यांचं वाचन सारखं येतं आणि कार्ड दुसऱ्याला दाखवता येतं. पण त्याच कारणाने कार्डावर निरर्थक कमजोर पॉझिटिव्हही जास्त दिसतात. एकाच रुग्णाचा पाठपुरावा करताना पद्धत बदलू नका; नळीतली २+ आणि कार्डावरची २+ एकमेकींशी तोलता येत नाहीत.

थंड नमुना हाताळताना

यंत्रावर एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) अचानक १२० आणि एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) अशक्य वाटेल इतकं वाढलेलं, लाल पेशींची संख्या हिमोग्लोबिनच्या मानाने फारच कमी: हे थंड ॲग्लुटिनिनचं, म्हणजे थंडीत पुंजके करणाऱ्या अँटिबॉडीचं, पहिलं दर्शन. पेशी पुंजक्यात चिकटल्यामुळे यंत्र दोन-चार पेशींना एक मोजतं. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजलं जातं, म्हणून ते बरोबर असतं. नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पुन्हा चालवला की आकडे जागेवर येतात.

अशा रुग्णाचं रक्त गरम फ्लास्कमध्ये किंवा ३७ अंशांच्या पाण्यात धरून आणा आणि पेशी ३७ अंशांच्या सलाईननेच धुवा. तरीही कंट्रोलची नळी पॉझिटिव्ह राहिली तर पेशींवर ०.०१ मोलर डीटीटी या रसायनाची प्रक्रिया करतात; ते आयजीएमचे बंध तोडतं आणि पेशी सुटतात. टायटरसाठी (अँटिबॉडी किती पातळ करेपर्यंत काम करते, त्या मोजमापासाठी) सिरम लागलं तर रक्त गोठेपर्यंत नळी ३७ अंशांवरच राहिली पाहिजे. खोलीत गोठू दिलं तर अँटिबॉडी पेशींवर जाऊन बसते आणि सिरममध्ये टायटर खोटंच कमी येतं.

आयजीजी की कॉम्प्लिमेंट

पॉली पॉझिटिव्ह आली की अँटी-आयजीजी आणि अँटी-सी३डी वेगवेगळ्या लावाव्यात. केवळ "कूम्ब्स पॉझिटिव्ह" असा रिपोर्ट देणं म्हणजे अर्धं काम सोडून देणं, कारण उपचाराची दिशा इथे ठरते.

आयजीजी एकटी, किंवा आयजीजी आणि सी३डी दोन्ही: उबदार (शरीराच्या तापमानाला काम करणाऱ्या) अँटिबॉडीचा आजार. स्वयंप्रतिकार हिमोलिसिसमध्ये हाच सगळ्यांत जास्त आढळतो. पेशी मुख्यतः प्लीहेत खाल्ल्या जातात, पहिला उपचार स्टेरॉइड. क्वचित यातही सी३डी एकटंच असतं.

सी३डी एकटंच, आणि ४ अंशांवर थंड ॲग्लुटिनिनचं टायटर ६४ किंवा जास्त: थंड ॲग्लुटिनिनचा आजार. हातापायांच्या थंड भागात आयजीएम पेशीवर बसते, कॉम्प्लिमेंट चालू करते आणि रक्त पोटाकडे, गरम भागात परतलं की सुटून जाते. मागे उरतं सी३, त्याचाच पुढे सी३डी होतो. म्हणून चाचणीत गुन्हेगार सापडत नाही, त्याने ठेवलेली खूण सापडते. इथे पेशी मुख्यतः यकृतात नष्ट होतात. स्टेरॉइडचा उपयोग कमी, प्लीहा काढून तर फायदाच नाही. कॉम्प्लिमेंटच्या साखळीतलं सी१एस अडवणारं सुटिमलिमॅब या आजारासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झालं. नुसत्या टायटरवर जाऊ नका. अँटिबॉडी ३० अंशांपर्यंत काम करते का, हे रुग्णाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

सी३डी एकटंच, पण रुग्ण लहान मूल, नुकताच विषाणूचा ताप येऊन गेलेला, लघवी लालकाळी आणि थंड टायटर किरकोळ: डोनाथ-लँडस्टायनर चाचणी लावा; थंडीत पेशीवर बसून उबेत ती फोडणारी अँटिबॉडी ती शोधते. रुग्णाचं ३७ अंशांवर वेगळं केलेलं सिरम, पी प्रतिजन असलेल्या पेशी आणि ताजं सामान्य सिरम एकत्र करून ३० मिनिटं बर्फात, मग एक तास ३७ अंशांवर. सोबतच्या दोन नळ्यांपैकी एक सतत बर्फात, एक सतत ३७ अंशांवर. बर्फातून उबेत आलेल्या नळीतच द्रव लाल झालं तर चाचणी पॉझिटिव्ह. ताजं सिरम टाळू नका: रुग्णाचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट संपलेलं असू शकतं.

पॉझिटिव्ह, पण हिमोलिसिस आहे का?

निरोगी रक्तदात्यांत दर १,००० ते १४,००० मध्ये एकाची, तर रुग्णालयात भरती असलेल्यांत १ ते १५ टक्के जणांची ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पेशी शांतपणे आपलं आयुष्य पूर्ण करतात. पॉझिटिव्ह कूम्ब्सला हिमोलिसिसचा दर्जा देण्याआधी रेटिक्युलोसाइट, एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन (पेशी फुटल्या की दोन्ही वाढतात), हॅप्टोग्लोबिन (सुटं हिमोग्लोबिन बांधणारं प्रथिन, ते घटतं) आणि स्मिअर बघाच. यकृताच्या आजारात हॅप्टोग्लोबिन कमी बनतं आणि तान्ह्या बाळांत ते मुळातच नगण्य असतं, म्हणून ते एकटं पुरावा होत नाही. रेटिक्युलोसाइट कमी असले म्हणजे हिमोलिसिस नाही असंही समजू नका. आजाराच्या सुरुवातीला, पार्व्होव्हायरस बी१९च्या संसर्गात किंवा अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशींवरही हल्ला होत असेल तर ते वाढत नाहीत, आणि असे रुग्ण झपाट्याने खालावतात.

पॉझिटिव्हची इतर कारणं म्हणजे नुकतीच दिलेली आयव्हीआयजी किंवा अँटी-डी, काही दिवसांपूर्वी दिलेल्या रक्ताविरुद्ध उशिरा उठलेली प्रतिक्रिया, वेगळ्या रक्तगटाचं प्रत्यारोपण आणि औषधं. औषधांत सेफट्रायॅक्सोन, सेफोटेटॅन, पिपरॅसिलिन आणि जुनं मेथिलडोपा ही नावं आधी आठवावीत. सेफट्रायॅक्सोनचा हिमोलिसिस मुलांत तासाभरातही जीवघेणा होऊ शकतो. संशय आला तर रिपोर्टची वाट न पाहता औषध थांबवतात.

कूम्ब्स पॉझिटिव्ह आणि प्लेटलेटही कमी असतील तर इव्हान्स सिंड्रोमचा विचार करा. १९५१ मध्ये रॉबर्ट इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी ते वर्णन केलं. सोबत सांधे, त्वचा किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर एसएलई (ल्युपस) शोधा. मोठ्या वयात क्रॉनिक लिम्फोसाइटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग शोधा. पण कूम्ब्स निगेटिव्ह, प्लेटलेट कमी आणि स्मिअरमध्ये तुटक्या, शिरस्त्राणासारख्या पेशी असतील तर पुन्हा पुन्हा कूम्ब्स करत बसू नका. ते टीटीपी (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणारा आजार) असू शकतं आणि त्यात तास मोजावे लागतात. एडीएएमटीएस१३ (टीटीपीत कमी पडणारं एन्झाइम) साठी रक्त सायट्रेटच्या नळीत, प्लाझ्मा बदलण्याआधी घ्या. ईडीटीए हे एन्झाइमच बंद पाडतं.

निगेटिव्ह, पण पेशी फुटताहेतच

स्वयंप्रतिकार हिमोलिसिसच्या सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत नेहमीची चाचणी निगेटिव्ह येते. कारणं तीन. पेशीवर आयजीजी चाचणीच्या उंबरठ्याखाली आहे (तो १०० ते ५०० चा आकडा). किंवा अँटिबॉडी आयजीए वर्गाची आहे, जी पॉलिस्पेसिफिक सिरम भरवशाने पकडत नाही. किंवा अँटिबॉडीची पकड सैल आहे आणि ती धुण्यातच निघून जाते.

आधी नव्या नमुन्यावर, नव्या सलाईनने चाचणी पुन्हा करा. मग जेल कार्ड, कारण त्यात धुणं नाही. मग ४ अंशांच्या थंड सलाईनने धुवून पाहा, सैल आयजीजी त्यात टिकते. पण थंड धुण्यात थंड अँटिबॉडीही पुंजके करते, म्हणून सोबत अल्ब्युमिनचा कंट्रोल हवाच. त्यानंतर अँटी-आयजीए, फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेसरने तपासणारं यंत्र), आणि निगेटिव्ह कूम्ब्सवरही केलेलं इल्युशन.

इल्युशन म्हणजे पेशीवरची अँटिबॉडी सोडवून वेगळ्या द्रवात, म्हणजे इल्युएटमध्ये, गोळा करणं. पीएच ३च्या आसपासच्या ग्लायसिन आम्लाच्या तयार किट सर्रास वापरल्या जातात. पेशी आधी चार ते सहा वेळा धुवा आणि शेवटच्या धुण्याचं पाणी जपून ठेवून त्याचीही तीच चाचणी करा. त्या पाण्यात अँटिबॉडी सापडली तर इल्युएटचं उत्तर बाद, कारण ती पेशीवरची नसून न धुतली गेलेली आहे. इल्युएट पॅनलच्या (प्रतिजन ठाऊक असलेल्या पेशींच्या संचाच्या) सगळ्या पेशींशी भिडलं तर बहुधा स्वतःविरुद्धची अँटिबॉडी. एखाद्याच प्रतिजनाशी भिडलं, समजा जेके-ए या रक्तगटाच्या प्रतिजनाशी (अँटी-जेके-ए), आणि रुग्णाला नुकतंच रक्त दिलेलं असेल, तर ती दिलेल्या रक्ताविरुद्धची उशिराची प्रतिक्रिया. कशाशीच भिडलं नाही तर औषधाची यादी पुन्हा वाचा.

रक्त द्यायची वेळ आली तर

उबदार अँटिबॉडी पॅनलच्या सगळ्या पेशींशी भिडते, एकही पिशवी जुळत नाही. धोका या गोंगाटाखाली दडलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीचा, म्हणजे आधीच्या गर्भारपणातून किंवा दिलेल्या रक्तातून तयार झालेल्या अँटिबॉडीचा असतो. ती शोधायला रुग्णाच्याच पेशींवर प्लाझ्मातली स्वतःविरुद्धची अँटिबॉडी शोषून घ्यायची, ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटं, गरजेप्रमाणे दोन-तीन वेळा, आणि उरलेल्या प्लाझ्माने पॅनल पुन्हा लावायचं. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं असेल तर रुग्णाच्या पेशी वापरू नका. त्यांत दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि आपण शोधतोय तीच अँटिबॉडी त्या गिळून टाकतात. तेव्हा आर१आर१, आर२आर२ आणि आरआर अशा आरएच गटाच्या तीन ज्ञात पेशींवर वेगवेगळं शोषण करावं लागतं.

याला काही तास जातात. रुग्णाला छातीत दुखतंय, भान हरपतंय आणि हिमोग्लोबिन ४ असेल तर ते तास नसतात. त्या स्थितीत "जुळत नाही" म्हणून रक्त अडवू नये. एबीओ, आरएच आणि शक्य तेवढा केल (आणखी एक रक्तगट) जुळवून, हळू वेगाने, समोर बसून देतात. पहिल्या पिशवीआधीचे दोन ईडीटीए नमुने मात्र काढून ठेवा, ते नंतर परत मिळत नाहीत.

संशोधनासाठी नमुना ठेवताना

तोच नियम संशोधनालाही लागू: स्टेरॉइड, आयव्हीआयजी आणि रक्त यांच्या आधीचा नमुना एकदाच मिळतो. नीतिसमितीची मान्यता आणि संमतीपत्रक आधी तयार नसेल तर मध्यरात्री आलेला सर्वांत मोलाचा रुग्ण हातचा जातो. ईडीटीए प्लाझ्माचे अर्ध्या मिलीचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एक भाग एकदाच वितळवा. कॉम्प्लिमेंटचं काम मोजायचं असेल तर ईडीटीए प्लाझ्मा उपयोगाचा नाही, कारण कॅल्शियमच बांधलेलं असतं. वेगळं सिरम, आणि थंड अँटिबॉडीचा संशय असल्यास ३७ अंशांवर वेगळं केलेलं सिरम, लगेच गोठवा. पांढऱ्या पेशींचा थर डीएनएसाठी ठेवा. लाल पेशी नुसत्या गोठवल्या की फुटतात, त्यांना ग्लिसरॉल लागतं. इल्युएटही गोठवून ठेवा: पेशीवर प्रत्यक्ष बसलेली अँटिबॉडी त्यातच असते, प्लाझ्मात उरलेली तिच्यापेक्षा वेगळी असू शकते.

प्लेटलेटसाठी कूम्ब्ससारखी भरवशाची सोपी चाचणी अजून नाही. रुग्णाच्या प्लाझ्मात प्लेटलेट पाडणारं काहीतरी असतं हे विल्यम हॅरिंग्टन यांनी १९५० मध्ये रुग्णाचं रक्त स्वतःच्या शरीरात घेऊन दाखवलं, तरीही आयटीपीचं (प्रतिकारयंत्रणेमुळे प्लेटलेट घटण्याच्या आजाराचं) निदान आजही इतर कारणं बाद करूनच होतं. इव्हान्सच्या रुग्णाचे प्लेटलेट आणि लाल पेशी दोन्हीकडचे नमुने एकाच दिवशी ठेवले तर पुढे तुलना करता येते.

नोंदीत तारीख, रक्त काढल्याची आणि चाचणीची वेळ, नमुन्याचं तापमान, सिरमचा लॉट, पद्धत, दर्जा, वाचणाऱ्याचं नाव, त्या दिवशीचं हिमोग्लोबिन व रेटिक्युलोसाइट आणि औषधांचे डोस लिहा. "पॉझिटिव्ह" एवढाच शब्द लिहू नका. हिमोग्लोबिन १३ वर स्थिर झाल्यावरही कूम्ब्स कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते, आणि तेवढ्यावरून स्टेरॉइड वाढवायचं की नाही हे विचारणारा डॉक्टर दोन वर्षांपूर्वीची ३+ आणि आजची १+ शेजारी शेजारी मागेल.